प्राचीन ग्रीक अभिजात साहित्य आज कशासाठी शिकायचं? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

शिक्षक, अकरावी-बारावीचे आणि पदवीचे विद्यार्थी, स्पर्धा परीक्षेची तयारी करणारे आणि काही पालक यांच्याकडून पुन्हा पुन्हा येणारे प्रश्न इथे एकत्र केले आहेत. प्राथमिक प्रश्न आधी आणि अवघड पुढे, असा क्रम ठेवला आहे. एका उत्तराचा दुसऱ्याशी संबंध असेल तिथे त्या प्रश्नाचा क्रमांक दिला आहे.

१. ग्रीक अभिजात साहित्य म्हणजे नेमकं काय काय?

ढोबळमानानं इ. स. पूर्व आठव्या-सातव्या शतकातल्या होमरपासून इ. स. पूर्व चौथ्या शतकातल्या ॲरिस्टॉटलपर्यंतचं लेखन. होमरच्या नावावर दोन महाकाव्यं आहेत, 'इलियड' आणि 'ओडिसी'. अथेन्सचे तीन शोकांतिकाकार एस्किलस, सोफोक्लीस आणि युरिपिडीस, विनोदी नाटककार ॲरिस्टोफेनिस, इतिहासकार हिरोडोटस आणि थ्युसिडिडीस, तत्त्वज्ञ प्लेटो आणि ॲरिस्टॉटल. युक्लिड थोडा नंतरचा, पण त्यालाही यातच धरतात.

यातलं बरंचसं हरवलं. सोफोक्लीसनं सव्वाशेच्या आसपास नाटकं लिहिली, त्यांतली पूर्ण मिळतात ती ७. एस्किलसचीही ७ आणि युरिपिडीसची १८-१९. म्हणजे जगभर ज्यावर एवढी चर्चा चालते त्या तिघांची मिळून तेहतीसच्या आसपास नाटकं उरली आहेत. मनावर घेतलं तर एका वर्षात वाचून होतात.

२. अडीच हजार वर्षांपूर्वीच्या परक्या लोकांच्या गोष्टी आजच्या विद्यार्थ्याला काय शिकवणार?

हा प्रश्न सगळ्यात जास्त येतो. एका प्रसंगानं उत्तर देतो.

इ. स. पूर्व ४२७. लेस्बॉस बेटावरच्या मिटिलिनी शहरानं अथेन्सविरुद्ध बंड केलं आणि ते हरलं. अथेन्सच्या लोकसभेनं संतापाच्या भरात ठराव केला: शहरातल्या सगळ्या प्रौढ पुरुषांना ठार करा, बायका-मुलांना गुलाम करा. हुकूम घेऊन जहाज निघालंही. दुसऱ्या दिवशी लोकांना वाटू लागलं की हे फार झालं. पुन्हा सभा बसली. क्लिऑन हा अथेन्सचा वजनदार पुढारी उठला आणि म्हणाला, काल ठरवलेलं आज बदलणारी लोकशाही साम्राज्य चालवू शकत नाही, दयेपायी राज्य बुडतं. त्याला डायोडोटस नावाच्या माणसानं उत्तर दिलं. हा माणूस इतिहासात दुसरीकडे कुठेही भेटत नाही. त्यानं दयेचा आधार घेतला नाही. त्यानं विचारलं, फाशीच्या भीतीनं आजवर गुन्हे थांबलेत का? आणि शरण आलेल्यालाही मारायचंच ठरलं, तर पुढचं बंडखोर शहर शरण येईल कशाला?

मतदान झालं आणि डायोडोटस थोडक्या मतांनी जिंकला. लगेच दुसरं जहाज सोडलं. पहिलं एक दिवस आणि एक रात्र पुढे होतं. वल्हेकऱ्यांनी वल्ही न थांबवता दारूत आणि तेलात मळलेलं जवाचं पीठ खाल्लं आणि आळीपाळीनं झोप घेतली. पहिल्या जहाजाला मात्र असल्या कामाची घाई नव्हती. अथेन्सचा सेनापती हुकूम वाचून अंमलबजावणीच्या तयारीत होता, तेवढ्यात दुसरं जहाज पोचलं.

थ्युसिडिडीसनं दोन्ही भाषणं शेजारी-शेजारी ठेवली आहेत आणि क्लिऑनचं भाषण कुठेही कच्चं ठेवलेलं नाही. वाचताना विद्यार्थ्याला क्षणभर क्लिऑन पटतो, आणि मग आपल्याला तो का पटला याची भीती वाटते. डायोडोटसचंही तसंच: निकाल योग्य, पण कारण निव्वळ फायद्याचं. मग चांगला निर्णय चुकीच्या कारणासाठी झाला तर चालतो का, यावर वर्गात तासभर वाद होतो. ग्रीक साहित्याचं आजचं मोल मला यात दिसतं. समोरच्याची बाजू तिच्या पूर्ण ताकदीनिशी ऐकून घ्यायची सवय हे साहित्य लावतं, आणि आपल्या शिक्षणात तिच्यासाठी वेगळा तास कुठेच नाही.

गोष्ट इथे गोड होत नाही, हेही सांगतो. बंडाचे सूत्रधार म्हणून हजाराहून अधिक माणसं त्यानंतरही मारली गेली. अकरा वर्षांनी मेलॉस बेटावर अथेन्सनं सगळ्या पुरुषांची कत्तल केली, आणि त्या वेळी दुसरं जहाज निघालं नाही.

३. कथानक नेटवर मिळतं, एआय सारांश देतं. मूळ पुस्तक वाचायची काय गरज?

कथानकासाठी गरज नाही. ट्रॉयचं युद्ध कसं संपतं हे ग्रीक प्रेक्षकांनाही आधीच माहीत असायचं.

'इलियड'च्या चोविसाव्या सर्गाचा सारांश असा: ट्रॉयचा म्हातारा राजा प्रायम ग्रीक योद्धा अकिलीसकडे जातो आणि त्यानं मारलेल्या आपल्या मुलाचं, हेक्टरचं, प्रेत परत आणतो. आता मूळ प्रसंग बघा. प्रायम रात्री शत्रूच्या तंबूत शिरतो, अकिलीसचे गुडघे धरतो आणि ज्या हातांनी आपली कितीतरी मुलं मारली त्या हातांचं चुंबन घेतो. म्हणतो, तुझ्या बापाची आठवण कर. दोघं रडतात. प्रायम हेक्टरसाठी, तर अकिलीस कधी बापासाठी आणि कधी मेलेल्या मित्रासाठी. मग अकिलीस दासींना सांगतो, प्रेत बाजूला नेऊन धुवा, या म्हाताऱ्याला दिसता कामा नये. कारण? मुलाला तसं बघून प्रायमला राग अनावर झाला, तर आपलाही तोल जाईल आणि आपण त्याला मारून टाकू, हे अकिलीसला माहीत आहे. दया करतानाही स्वतःतल्या हिंसेवर त्याचा भरवसा नाही.

प्रेत धुण्याबद्दलचं ते एवढंसं वाक्य कुठल्याही सारांशात सापडणार नाही, आणि सर्गाचा सगळा जीव त्यातच आहे. सारांश वाचून वाचायचं ठरवलंत तर चांगलंच आहे. सारांश वाचून वाचणं सोडलंत, तर मिळण्यासारखं होतं ते हुकलं.

४. आपल्याकडे महाभारत असताना 'इलियड' कशाला?

दोन्ही वाचा. महाभारत ऐकत वाढलेल्या मुलाला 'इलियड' युरोपातल्या मुलापेक्षा लवकर कळतं, असा माझा अनुभव आहे. वंशावळी, शाप, देवांची पक्षबाजी आणि रणांगणावरची लांबलचक संभाषणं यांची त्याला आधीपासून ओळख असते.

शेजारी ठेवून वाचलं की दोन्हीकडचं नवं काही दिसतं. स्त्रीपर्वात गांधारी रणभूमीवर पडलेले देह बघत एकेकाचा शोक करते. युरिपिडीसच्या 'ट्रोजन विमेन'मध्ये ट्रॉयची राणी हेक्युबा आणि इतर बायका जळत्या ट्रॉयसमोर बसून हेच करतात. फरक एवढाच की गांधारी जिंकलेल्यांच्या कुळातली आहे आणि तिच्या शापाला बळ आहे. हेक्युबा कुणाची तरी गुलाम म्हणून वाटली गेली आहे. हे नाटक अथेन्समध्ये इ. स. पूर्व ४१५ साली झालं, मेलॉसच्या कत्तलीनंतर काही महिन्यांतच. जिंकलेल्या शहराच्या प्रेक्षकांसमोर हरलेल्या बायकांचा आक्रोश उभा केला गेला.

श्रेष्ठ कोण, हा प्रश्न मात्र मनातून काढून टाका. त्यानं दोन्ही ग्रंथांचं वाचन बिघडतं.

५. त्यासाठी प्राचीन ग्रीक भाषा शिकावी लागते का?

शाळेत आणि पदवीच्या पातळीवर नाही. चांगला अनुवाद पुरतो. संशोधन करायचं असेल तर भाषेला पर्याय नाही.

शाळेत संस्कृत घेतलेल्यांनी मात्र ग्रीकला घाबरू नये. अक्षरं २४, ती आठवड्याभरात येतात. विभक्ती आहेत, द्विवचन आहे, आत्मनेपदाशी मिळताजुळता प्रयोग आहे, भूतकाळाचे अनेक प्रकार आहेत. इंग्रजीच्या वाटेनं येणाऱ्याला याच गोष्टी छळतात. या दोन भाषा आणि लॅटिन एकाच उगमातून आल्या असाव्यात, हे विल्यम जोन्सनं कोलकात्यात १७८६ साली मांडलं. धातुरूपं पाठ केलेल्या विद्यार्थ्याला त्याचा प्रत्यय पहिल्या महिन्यातच येतो.

६. मराठीत काय वाचता येईल?

ॲरिस्टॉटलचं काव्यशास्त्र विंदा करंदीकरांनी मराठीत आणलं आहे. सोफोक्लीसच्या ईडिपसवरच्या नाटकाचा 'राजा ओयदिपौस' हा अनुवाद पु. ल. देशपांडे यांचा आहे. तो मोठ्यानं वाचून बघा. संवाद लिहिण्यात मुरलेल्या माणसाच्या हाती पडल्यावर अडीच हजार वर्षांपूर्वीचं नाटक मराठी जिभेवर कसं बसतं ते कळेल. ओयदिपौस, योकास्ता आणि तैरेसियस यांचे प्रवेश दोघा-तिघांनी मिळून वाचले तर फारच उत्तम.

बाकी बऱ्याच ग्रंथांसाठी आज तरी इंग्रजीकडे जावं लागतं. ही खंत आहे आणि काम करण्याजोगी जागाही. ग्रीकमधून थेट मराठीत अनुवाद करणारी चार माणसं तयार झाली, तर पुढच्या दोन पिढ्यांचं भलं होईल.

७. सुरुवात कुठून करू?

'इलियड'पासून करू नका. आधी सोफोक्लीसचं 'अँटिगनी' घ्या. दोन तासांत वाचून होतं आणि वाद लगेच कळतो: राजा क्रेऑननं देशद्रोही ठरवलेल्या भावाचे अंत्यसंस्कार बहिणीनं करावेत की नाही. त्यानंतर प्लेटोचं 'ॲपॉलॉजी', म्हणजे सॉक्रेटिसनं खटल्यात केलेला बचाव. मग 'ओडिसी'. थ्युसिडिडीसचा अख्खा ग्रंथ एकदम हाती घेऊ नका. दुसऱ्या पुस्तकातलं अथेन्सच्या साथीचं वर्णन, तिसऱ्यातला मिटिलिनीचा वाद आणि पाचव्यातला मेलॉसचा संवाद, एवढं आधी वाचा. साथ त्यानं स्वतः भोगली होती. लक्षणं लिहून ठेवतो, पुन्हा आली तर ओळखता यावी, असं तो सांगतो. कोविडचा काळ आठवणाऱ्या वाचकाला ती पानं ओळखीची वाटतील.

८. कोणत्या इयत्तेपासून शिकवावं?

'ओडिसी'तल्या गोष्टी पाचवी-सहावीपासून सांगता येतात. 'अँटिगनी' नववी-दहावीत छान रुजतं. घरच्यांशी आणि नियमांशी भांडण्याचं ते वय असतं, मुलं लगेच बाजू घेतात. 'ईडिपस' आणि युरिपिडीसचं 'मिडिया' अकरावीनंतर.

९. मुलगी विज्ञान शाखेत आहे. तिला याचा काय उपयोग?

तिला प्लेटोच्या 'मेनो'तला भूमितीचा प्रसंग द्या. सॉक्रेटिस एका गुलाम मुलाला जमिनीवर चौरस काढून दाखवतो, बाजू २ फूट आणि क्षेत्रफळ ४. विचारतो, याच्या दुप्पट क्षेत्रफळाचा चौरस हवा असेल तर बाजू किती? मुलगा ठामपणे सांगतो, दुप्पट, ४ फूट. काढून बघतात तर क्षेत्रफळ १६. मग म्हणतो ३. ते ९ होतं. आता मुलगा अडतो आणि म्हणतो, मला माहीत नाही. सॉक्रेटिस इथे थांबून मुलाच्या मालकाला, मेनोला, सांगतो की याचं नुकसान झालेलं नाही, मघाशी याला माहीत नसून माहीत असल्यासारखं वाटत होतं. शेवटी मूळ चौरसाचा कर्ण हीच नव्या चौरसाची बाजू, हे मुलगाच ओळखतो.

वही-पेन्सिल घेऊन वीस मिनिटांत हे घरी करता येतं. सूत्र पाठ असलेली मुलंसुद्धा पहिल्यांदा चार म्हणतात. चुकीच्या उत्तराची खात्री मोडल्याशिवाय शिकायला सुरुवात होत नाही, हे याहून स्पष्ट कुणी दाखवलेलं मला माहीत नाही. प्रयोगशाळेत जाणाऱ्या मुलीला याहून उपयोगाचं काय हवं?

युक्लिडचं तर वेगळं सांगायलाच नको. तुमच्या मुलीनं आठवी-नववीत लिहिलेली 'पक्ष, साध्य, सिद्धता' ही मांडणी त्याच्याच परंपरेतली. त्याचा ग्रंथ १३ पुस्तकांचा. अठराव्या शतकात सवाई जयसिंगाच्या पदरी असलेल्या जगन्नाथ सम्राटानं तो अरबीवरून संस्कृतात 'रेखागणित' या नावानं आणला. ग्रीक विद्या आपल्याकडे इंग्रजांच्या आधी, बगदादच्या वाटेनंही आली होती.

१०. यूपीएससीला किंवा नोकरीला फायदा होतो का?

यूपीएससीच्या तत्त्वज्ञान आणि राज्यशास्त्र या दोन्ही वैकल्पिक विषयांत प्लेटो आणि ॲरिस्टॉटल आहेत. २०१३ पासून सुरू झालेल्या सामान्य अध्ययनाच्या चौथ्या पेपरात, म्हणजे नीतिशास्त्रात, जगभरातल्या नैतिक विचारवंतांचं योगदान अभ्यासक्रमातच आहे. तिथे बहुतेक उमेदवार प्लेटोच्या चार सद्गुणांची यादी लिहून मोकळे होतात. प्लेटोचा 'क्रिटो' हा संवाद वाचलेला उमेदवार वेगळं लिहितो: तुरुंगातून पळून जायची सोय असताना सॉक्रेटिस का पळत नाही, कायदे त्याच्याशी काय बोलतात, आणि ते बोलणं कुठे पटत नाही. केस स्टडीच्या उत्तरात याचा थेट उपयोग होतो.

नोकरीचं स्पष्टच सांगतो. केवळ ग्रीक अभिजात साहित्याच्या बळावर आपल्याकडे नोकऱ्या जवळजवळ नाहीत. कायदा, पत्रकारिता, राज्यशास्त्र, नाटक किंवा अध्यापन यांच्या जोडीला ते घ्या. मुलानं सगळं सोडून हेच करायचं म्हटलं, तर परदेशातल्या शिष्यवृत्त्यांची चौकशी आधी करा.

११. हे तर इंग्रजांनी लादलेलं शिक्षण. आपण अजून तेच का वाहायचं?

तक्रार खरी आहे. आयसीएसची, म्हणजे इंग्रजी राजवटीतल्या सनदी नोकरीची, स्पर्धा परीक्षा १८५५ साली सुरू झाली तेव्हा ग्रीकला ७५० गुण होते, लॅटिनला ७५०, संस्कृतला आणि अरबीला प्रत्येकी ३७५. ज्या देशावर राज्य करायचं त्या देशाच्या अभिजात भाषेची किंमत होमरच्या भाषेच्या निम्मी. असा अभ्यासक्रम बिनशर्त स्वीकारायची काही गरज नाही.

मात्र हेच ग्रंथ साम्राज्याविरुद्धही वापरले गेले. गांधीजींनी १९०८ साली दक्षिण आफ्रिकेत 'इंडियन ओपिनियन'मधून सॉक्रेटिसचा खटल्यातला बचाव गुजरातीत मांडला आणि त्याला सत्यवीर म्हटलं. १९१० साली मुंबई सरकारनं त्या पुस्तिकेवर बंदी घातली. 'हिंद स्वराज्य'ही त्याच वेळी बंदीच्या यादीत होतं. आपले अधिकारी ज्याच्या भाषेवर ७५० गुण मिळवून येतात तो सॉक्रेटिस लोकांच्या भाषेत बोलू लागला, तर ते धोक्याचं आहे, हे सरकारनं बरोबर ओळखलं होतं.

रॉबेन बेटावरच्या तुरुंगात कैद्यांनी 'अँटिगनी'चा प्रयोग केला तेव्हा नेल्सन मंडेलांनी अँटिगनीऐवजी क्रेऑनची, म्हणजे हुकूमशहा राजाची भूमिका केली. ज्याच्याशी जन्मभर लढले त्याचीच बाजू तोंडानं बोलायची. प्रश्न २ मध्ये ज्या सवयीबद्दल लिहिलं आहे, तिचं याहून धाडसी उदाहरण मला आठवत नाही.

१२. ग्रीक समाजात गुलाम होते, बायकांना मतदानाचा हक्क नव्हता. अशा लोकांकडून नीती शिकायची?

त्यांचं सगळं मान्य करायचं असतं, तर हा अभ्यास बंद करा असं मीच म्हटलं असतं. ॲरिस्टॉटल 'पॉलिटिक्स'च्या पहिल्या पुस्तकात म्हणतो की काही माणसं स्वभावतःच गुलाम असतात. हा विचार पुस्तकात पडून राहिला नाही. १५५०-५१ साली स्पेनमधल्या व्हायादोलिद इथल्या वादात सेपुल्वेदा या विद्वानानं अमेरिकेतल्या मूळ रहिवाशांना युद्ध करून अंकित करण्याच्या समर्थनासाठी याच मुद्द्याचा आधार घेतला. पुढे अमेरिकेतल्या गुलामगिरीच्या समर्थकांनीही घेतला. विद्यार्थ्यांना हे सांगितलंच पाहिजे, आणि ॲरिस्टॉटल शिकवताना त्याच तासाला सांगितलं पाहिजे.

त्याच पानांवर ॲरिस्टॉटल असंही नोंदवतो की काही लोकांच्या मते गुलामगिरी निसर्गाविरुद्ध आहे, ती फक्त रूढीनं आणि बळजबरीनं टिकली आहे. या माणसांची नावं तो देत नाही, आणि त्यांचं लेखन आज जवळजवळ हाती नाही. त्यांचं म्हणणं टिकलं ते मुख्यतः विरोधकाच्या लेखणीतून. अभ्यास सोडला तर तेही जाईल.

बायकांचंही बघा. मिडिया रंगमंचावर उभी राहून सांगते, एकदा बाळंत होण्यापेक्षा ढाल घेऊन तीनदा रणात उभी राहीन. इ. स. पूर्व ४३१ साली पुरुषांच्या शहरात, पुरुष नटाच्या तोंडून हे वाक्य गेलं. त्या स्पर्धेत युरिपिडीसचा तिसरा क्रमांक आला. स्पर्धक तीनच होते.

१३. प्लेटोचं 'रिपब्लिक' म्हणजे आपलं चातुर्वर्ण्यच ना?

साम्य आहे. प्लेटो समाजाचे तीन वर्ग करतो: राज्य करणारे, लढणारे आणि उत्पादन करणारे. पण त्यानं गौरवाची भावना होत असेल, तर १९३६ सालचं बाबासाहेब आंबेडकरांचं जातिनिर्मूलनावरचं न झालेलं भाषण वाचा. चातुर्वर्ण्याची चिकित्सा करताना ते प्लेटोला मध्ये आणतात आणि दोघांना एकाच दोषासाठी धरतात. माणसांना मोजक्या ठरीव कप्प्यांत कोंबणं म्हणजे माणसाबद्दलची उथळ समज, प्रत्येक व्यक्ती निराळी असते हे प्लेटोला दिसलंच नाही, असा त्यांचा मुद्दा आहे.

ग्रीक ग्रंथ कसा वाचावा, याचा मराठी मुलखातला सर्वांत चांगला नमुना मी हाच मानतो. बाबासाहेबांनी प्लेटोपुढे मान तुकवली नाही, आणि परका म्हणून टाकूनही दिलं नाही. त्याचा युक्तिवाद समजून घेतला, तो कुठे तुटतो ते दाखवलं आणि ते हत्यार घरच्या प्रश्नावर चालवलं. 'रिपब्लिक'चा तास घेणाऱ्या शिक्षकांनी ही दोन-चार पानं सोबत द्यावीतच.

१४. परदेशातच हा अभ्यास बंद होतोय, मग आपण का सुरू करायचा?

'बंद' आणि 'सक्ती काढली' यांत फरक आहे. ग्रीकची सक्ती केंब्रिजनं १९१९ मध्ये आणि ऑक्सफर्डनं १९२० मध्ये काढली, आणि अभ्यास तिथे आजही जोरात चालतो. प्रिन्स्टननं २०२१ मध्ये या विषयाच्या पदवीसाठी ग्रीक किंवा लॅटिनची अट काढली, भाषा शिकवणं थांबवलं नाही. तो निर्णय मला पटतो. शाळेत या भाषा न मिळालेल्या मुलांना त्यानं दार उघडलं. त्याच वर्षी हॉवर्ड या कृष्णवर्णीयांच्या ऐतिहासिक विद्यापीठानं आपला अभिजात विभागच मोडला, ते मात्र मला नुकसान वाटतं. कृष्णवर्णीय विचारवंत डब्ल्यू. ई. बी. डू बॉइस यांनी १८९४ मध्ये विल्बरफोर्स विद्यापीठात ग्रीक आणि लॅटिन शिकवायला सुरुवात केली होती. तो वारसा हार्वर्ड-येलच्या वारशाइतकाच मोलाचा आहे.

इटलीत 'लिचेओ क्लासिको' या माध्यमिक शाळांत पाचही वर्षं लॅटिन आणि ग्रीक दोन्ही असतात.

१५. ग्रीकांचा आणि महाराष्ट्राचा प्रत्यक्ष काही संबंध होता का?

होता, आणि तो वाचता येतो. इ. स. पहिल्या शतकात एका अनाम व्यापाऱ्यानं ग्रीकमध्ये 'पेरिप्लस' हे समुद्रप्रवासाचं मार्गदर्शक पुस्तक लिहिलं. त्यात सोपारा, कल्याण, चौल आहेत. भडोचपासून दक्षिणेकडे वीस दिवसांवर पैठण, आणि तिथून पूर्वेला दहा दिवसांवर तगर, म्हणजे धाराशिव जिल्ह्यातलं तेर. कल्याणच्या बंदरात ग्रीक जहाज शिरलं तर त्याला पहाऱ्यात भडोचला नेतात, अशी सूचनाही आहे. सत्ताबदलाचा व्यापाराला बसलेला तो फटका. कार्ल्याच्या चैत्यगृहातल्या खांबांवर धेनुकाकट या गावच्या यवनांच्या, म्हणजे बहुधा ग्रीकांच्या, दानाचे लेख आहेत, त्यांची नावं प्राकृत वळणाची आहेत. सातवाहनांच्या इतिहासाला ग्रीक येणारा मराठी संशोधक हवा, तो यासाठी.

हिरोडोटस भारतीयांबद्दल ऐकीव माहिती देतो, सोनं उकरणाऱ्या मुंग्यांसकट. तो भूगोल म्हणून घेऊ नका. पण त्याच्या तिसऱ्या पुस्तकातली एक गोष्ट जरूर वाचा. इराणचा सम्राट दारियस ग्रीकांना विचारतो, किती पैसे घेऊन मेलेल्या बापाला खाल? ते म्हणतात, कितीही दिले तरी नाही. मग बापाला खाणाऱ्या एका भारतीय जमातीला विचारतो, किती घेऊन त्याला जाळाल? ते ओरडतात, असलं अभद्र बोलू नका. हिरोडोटस कुणालाच हसत नाही. रूढी सगळ्यांची राजा आहे, एवढं म्हणून पुढे जातो.

१६. थ्युसिडिडीसनं भाषणं स्वतः रचली असं वाचलं. मग तो इतिहास कसा?

तो हे स्वतःच सुरुवातीला सांगतो. शब्दशः आठवणं अवघड होतं, म्हणून मूळ आशयाच्या शक्य तितकं जवळ राहून, त्या प्रसंगी जे बोलणं योग्य होतं ते लिहिलं, असं. त्यामुळे क्लिऑनचं वाक्य उद्धृत करताना 'क्लिऑन म्हणाला' न लिहिता 'थ्युसिडिडीसच्या क्लिऑननं म्हटलं' असं लिहावं. परीक्षेत हा फरक पाळणाऱ्याचा अभ्यास लगेच दिसतो.

१७. 'अँटिगनी' शिकवताना शेवटी बरोबर कोण, हे सांगायचं की नाही?

तुमचं मत विचारलं तर सांगा, पण तासाच्या शेवटी. त्याआधी एक अडचणीची जागा दाखवा. बहुतेक शिक्षक ती गाळतात.

मरायला जाताना अँटिगनी म्हणते, नवऱ्यासाठी किंवा मुलासाठी मी हे केलं नसतं. नवरा दुसरा मिळतो, मूल दुसरं होतं. आईबाप मेलेले, भाऊ पुन्हा मिळणार नाही. आतापर्यंत देवांच्या अलिखित नियमांसाठी लढणारी मुलगी एकदम हिशेब मांडते. जर्मन कवी ग्योटेला हे इतकं खटकलं की या ओळी प्रक्षिप्त ठराव्यात, अशी इच्छा त्यानं बोलून दाखवली. पण ॲरिस्टॉटल त्या उद्धृत करतो, म्हणजे त्याच्या काळी त्या नाटकात होत्याच.

हाच युक्तिवाद हिरोडोटसच्या तिसऱ्या पुस्तकात एक इराणी स्त्री दारियससमोर करते, आणि आपल्याकडे उच्छंग जातकात एक बाई कोसलच्या राजासमोर करते: नवरा, मुलगा आणि भाऊ यांपैकी एकालाच सोडवायची मुभा मिळते तेव्हा ती भावाला मागते. तिन्ही उतारे एकत्र वाचायला द्या आणि विचारा, इतर दोघींच्या तोंडी शोभणारं हे बोलणं अँटिगनीच्या तोंडी का खटकतं? त्या दोघींचे भाऊ जिवंत आहेत, अँटिगनीचा मेलेला आहे, हे एखादं मूल पाच मिनिटांत ओळखतं. तिथून पुढचा वर्ग त्यांच्या हाती द्या.

१८. वाचताना कंटाळा आला तर भाग गाळले तर चालतील का?

चालतील. 'इलियड'च्या दुसऱ्या सर्गाच्या उत्तरार्धातली जहाजांची यादी पहिल्या वाचनात खुशाल सोडा. सहावा, नववा, सोळावा, बाविसावा आणि चोविसावा सर्ग सोडू नका. 'रिपब्लिक'चं पहिलं पुस्तक थ्रॅसिमेकसच्या भांडणासाठी पूर्ण वाचा. 'बळी तो कान पिळी' हेच न्यायाचं खरं रूप, असं तो ठणकावून सांगतो, आणि सॉक्रेटिसचं उत्तर तुम्हाला पुरेसं वाटलं नाही तर प्लेटोलाही ते वाटलं नव्हतं. म्हणून तर दुसऱ्या पुस्तकात ग्लॉकन तोच मुद्दा आणखी धारदार करून पुन्हा मांडतो. तिथे पेन्सिल घेऊन समासात आपलं उत्तर लिहा, आणि मगच पान उलटा.